मदत हवी आहे : कुत्र्याच्या पिल्लाला ट्रेनिंग क्लासला आत्ताच घालावं की लसी संपेपर्यंत थांबावं?

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी देशी पिल्लू आलंय, 9 आठवड्यांचं. पहिली लस आणि जंताचं औषध झालंय, बूस्टर बाकी. डॉक्टर म्हणतात, 16 आठवड्यांपर्यंत बाहेर जमिनीवर सोडायचंच नाही. पार्वोचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे भीती रास्तच.

पण पिल्लू माणसांना, आवाजांना सरावण्याचा मुख्य काळ साधारण 3 ते 14 आठवडे. प्राणिवर्तनावर काम करणारी अमेरिकेतली पशुवैद्यांची संघटना तर 7-8 आठवड्यांपासूनच क्लासला हरकत नाही म्हणते; पहिली लस होऊन 7 दिवस उलटले की झालं. आमचं ध्यान कुकरची शिट्टी झाली की सोफ्याखाली! उत्तरायणात (संक्रांतीच्या पतंगांच्या सणात) गच्चीगच्चीवर भोंगे लागतील तेव्हा काय करणार आहे, देव जाणे.

तूर्त कडेवर घेऊन मांडवीपर्यंत फिरवून आणते. सासूबाईंच्या मते हे नुसते लाड.

तुम्ही कितव्या आठवड्यात क्लास सुरू केलात? लसीचं कार्ड बघूनच आत घेणारा, रोज फरशी जंतुनाशकाने पुसणारा, लहान पिल्लांची वेगळी बॅच असलेला क्लास बडोद्यात कुणाला माहीत आहे का? अलकापुरी, फतेगंज, कुठेही चालेल.