पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी मारुती ८०० गल्लीत वळत नाही : दोष गाडीचा की माझा?

शहापूरकर वहिनी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी सासऱ्यांनी १९९७ साली घेतलेली मारुती ८०० आहे. चार गिअरची, कार्बोरेटरची आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली. पंधरा वर्षे झाल्यानंतर तिचे पासिंग वेळच्या वेळी करून घेतलेले आहे, विमाही चालू आहे. सासऱ्यांना आता गाडी चालवणे जमत नाही आणि यजमान नोकरीनिमित्त परगावी असतात. त्यामुळे मुलांची शाळा आणि सासऱ्यांचा दवाखाना या दोन कामांसाठी तरी ही गाडी आपण चालवावी, असे मी ठरवले आहे.

माझ्याकडे शिकाऊ परवाना आहे आणि सरावाच्या वेळी परवानाधारक धाकटे दीर शेजारी बसतात. अडचण अशी की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी पॉवर स्टिअरिंगच्या नव्या गाडीवर शिकले. तिथे जे स्टिअरिंगचे चाक दोन बोटांनी फिरत होते, ते इथे दोन्ही हातांनी जोर लावूनही हलत नाही. बेळगावात काँग्रेस रोडवर गाडी सुरळीत चालते, पण आमच्या शहापूरच्या गल्लीतून बाहेर काढताना दोन-तीन वेळा मागेपुढे करावे लागते आणि तेवढ्यात खांदे भरून येतात. यजमानांचे म्हणणे असे की ही विकून नवी गाडी घ्यावी. दीर म्हणतात, सवय होईल. मला स्वतःला हे कळत नाही की हा जडपणा या गाड्यांचा स्वभावच आहे, की आमच्या गाडीत काही बिघाड आहे, की माझी पद्धत चुकते आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना मेस्त्री, उद्यमबाग

वहिनी, आपल्या तीन शंकांपैकी बिघाडाची शंका आधी निकालात काढावी, कारण गाडीतच दोष असेल तर पद्धत कितीही सुधारली तरी खांदे दुखायचे थांबणार नाहीत.

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे. पॉवर स्टिअरिंगशिवाय वाटेल त्या माणसाला चालवता यावी इतकी ही गाडी वजनाने हलकी असून तिची चाके बारा इंची आणि टायर अरुंद आहेत. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद, अशी रचना असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा पुढच्या टायरांवर येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की टायर रस्त्यावर गोल फिरत नाही, तो जागच्या जागी घासत वळतो, आणि ते घर्षण आपल्या हातांना सोसावे लागते. गाडी मुंगीच्या पावलाने जरी सरकत असली तरी टायर घासण्याऐवजी फिरू लागतो आणि जडपणा लक्षात येण्याइतका उतरतो. म्हणून उभ्या गाडीत जड आणि चालत्या गाडीत हलके, एवढेच लक्षण असेल तर तो बिघाड नव्हे.

तपासणीची रीत सोपी आहे, मात्र ती गॅरेजमध्येच करून घ्यावी. गाडी सपाट, टणक जमिनीवर लावून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडण लावावी, आणि पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. चाके अधांतरी असताना ते सहज फिरले, तर सगळा जडपणा टायर आणि रस्ता यांच्यामधला आहे. अधांतरीही ते अडखळत असेल, तर दोष रॅकमध्ये (स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांकडे नेणारा दातेरी दांडा), बॉल जॉइंटमध्ये (चाकाला वळू देणारा गोळ्याचा सांधा), शॉकअपच्या वरच्या बेअरिंगमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्याच्या जोडात असतो. आपल्या भागात रॅकचे रबरी बूट, म्हणजे चिखल-पाणी अडवणारे आवरण, फाटणे हे नेहमीचे आहे. पावसाळ्यात चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघते, आणि मालकाला वाटते की गाडी म्हातारी झाली.

दुसरी खूण चालवताना कळते. वळण संपल्यावर पकड सैल केली की स्टिअरिंग आपसूक सरळ यायला हवे. ते वळलेलेच राहत असेल तर जॉइंट आवळलेले आहेत किंवा अलाइनमेंट (चाकांची सरळ जुळणी) बिघडली आहे, आणि अशी गाडी शिकणाऱ्याच्या हाती देऊ नये.

हे सगळे करण्याआधी पुढच्या टायरांची हवा मात्र आजच पाहा. हवा कमी असली की टायर अधिक पसरतो आणि स्टिअरिंग जड होते. हवा टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. स्टिअरिंग हलके व्हावे म्हणून जास्त हवा भरण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील, तो ऐकू नये, कारण त्याने रस्त्यावरची पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. पूर्वी कोणी हौसेने रुंद टायर किंवा लहान आकाराचे स्टिअरिंग बसवले असेल, तर तेही काढून मूळचे लावावे.

बाहेरून मोटर जोडून पॉवर स्टिअरिंग करून देणारे भेटतील. स्टिअरिंगचा दांडा कापून केलेली कोणतीही जोडणी मला मान्य नाही.

खानापूरची ताई

मेस्त्रींनी गाडीचे सांगितले, मी हातांचे सांगते. मी स्वतः पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ओम्नीवर शिकले, आणि माझे ठाम मत असे आहे की हा प्रश्न हातांपेक्षा डाव्या पायाचा अधिक आहे. ज्याला हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून ठेवून) गाडी हळूहळू सरकती ठेवता येते, त्याला स्टिअरिंगशी झुंजावे लागत नाही. ज्याला ते येत नाही, तो गाडी थांबवतो, मग चाक वळवतो, मग पुन्हा गाडी हलवतो, आणि प्रत्येक वेळी तो सर्वांत जड क्षणीच जोर लावत असतो. तेव्हा पहिले काही दिवस गल्ली विसरा. मोकळ्या, पक्क्या जागी पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये माणसाच्या चालीने गाडी नेण्याचाच सराव करा. त्यासाठी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे जाऊ नका, तिथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. नांगरलेल्या किंवा भुसभुशीत शेतातही नको, कारण मऊ मातीत टायर रुततो आणि वळवणे उलट अवघड होते.

आता गल्लीचे. मागेपुढे करत वळताना खरी युक्ती थांबण्याच्या आधीच्या शेवटच्या हातभर अंतरात असते. समजा, आपण चाक डावीकडे पूर्ण वळवून मागे येत आहात आणि पुढच्या खेपेला ते उजवीकडे हवे आहे. मग भिंतीपाशी येऊन थांबेपर्यंत वाट पाहू नका. थोडे अंतर शिल्लक असताना, गाडी सरकत असतानाच, चाक उजवीकडे फिरवायला लागा. गाडी थांबेल तेव्हा पुष्कळसे वळवणे होऊन गेलेले असेल आणि उरलेले पुढे निघताना पहिल्या काही वितींत होईल. यासाठी क्लच सावकाश आणि हात चपळ, असे दोन वेग एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि सुरुवातीला नेमके ह्याच ठिकाणी इंजिन बंद पडते. थंडीच्या सकाळी निघत असाल तर इंजिन तापू द्या, म्हणजे तो त्रास कमी होईल. चाक शेवटच्या टोकाला टेकले की मात्र त्यावर आणखी जोर देऊ नये.

बसण्याकडेही लक्ष द्या. सीट इतकी पुढे घ्या की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल आणि कोपरे वाकलेली राहतील. लांब बसून सरळ हातांनी फिरवले की सगळा भार खांद्यांवर येतो. आपले खांदे भरून येण्याचे कारण बहुधा हेच असावे. वरच्या हाताने खाली ओढण्यावर भर द्या, खालच्या हाताने वर ढकलण्यावर नको. रहाटाची दोरी ओढताना जसे अंगाचे वजन कामी येते, तसेच इथेही येते. दोन्ही हात आळीपाळीने टाकत चाक फिरवावे, आणि सरळ होताना ते एकदम न सोडता तळहातांतून सरकू द्यावे.

खड्ड्यांच्या रस्त्यावर अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंडाळून धरू नका, ते कडेवर ठेवा. टायर दगडावर आदळला की या गाड्यांत तो धक्का सरळ स्टिअरिंगपर्यंत येतो. एका हाताने फिरवण्यासाठी गोल मूठ बसवून मिळते, ती बसवू नका. बांगड्या किंवा पदर तिच्यात अडकला तर ऐन वळणात काय होईल, याचा विचार करा.

निपाणीकर

ताईंचे बहुतेक पटले, परंतु हा सगळा प्रश्न जडपणाचाच आहे असे वहिनींनी समजू नये, कारण पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी काही गोष्टी चालकाला आधी सांगते आणि त्या ऐकायला शिकणे हाही शिकण्याचाच भाग आहे. पावसात भिजलेल्या रस्त्यावर हे चाक हाताला हलके लागते. त्याचा अर्थ गाडी चांगली चालली आहे असा नसून टायरांची पकड कमी झाली आहे असा घ्यावा, आणि वेग तेव्हाच उतरवावा. खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूला जून-जुलैत गाडी नेणाऱ्याने हे ओळखलेच पाहिजे. गाडी सपाट रस्त्यावर सतत एका बाजूला ओढत असेल, तर तेही या चाकात लगेच जाणवते, आणि तेव्हा त्या बाजूच्या टायरची हवा आधी पाहावी.

जड चाकामुळे लागणारी एक वाईट सवय सांगून ठेवतो. उजवीकडे वळायचे असते, समोरून ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येत असतात, आणि थांबल्या थांबल्या चालक चाक आधीच उजवीकडे वळवून ठेवतो, कारण नंतर जोर लावायला नको. त्या अवस्थेत मागून कोणी धडक दिली, तर गाडी सरळ समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. वाट पाहताना चाके सरळच ठेवावीत आणि निघाल्यावर सरकत्या गाडीत वळवावीत. गाळपाच्या हंगामात चिक्कोडी-निपाणीच्या रस्त्यांवर मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

दुसरे उतारांबद्दल. पेट्रोल वाचवण्यासाठी तवंदी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक अजूनही आहेत. दीर किंवा अन्य कोणी ही युक्ती शिकवू लागले तर स्पष्ट नकार द्यावा. चावी मागे फिरवून निघाली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते, ज्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या मदतीने ब्रेक हलका करणारा भाग) आहे तिचा ब्रेक दोन-चार वेळा दाबल्यावर दगडासारखा होतो, आणि इंजिनाचा वेग आवरण्याचा आधारही जातो. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. चोर्ला घाट मात्र परवाना हाती आल्यावरही काही काळ पुढे ढकलावा.

गाडी विकण्याविषयी : मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले असले तरी तिचे भाग आणि तिची माहिती असलेले मेस्त्री आपल्याकडे अजून मिळतात. ज्या गाडीचा पत्रा गंजलेला नाही आणि कागदपत्रे पूर्ण आहेत, ती केवळ स्टिअरिंगसाठी विकू नये, असे माझे मत आहे. यजमानांनी सुरक्षेचा मुद्दा काढला, म्हणजे या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही असे म्हटले, तर तो मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रोजचा प्रवास महामार्गावरून असेल तर नवी गाडीच घ्यावी. शाळा आणि दवाखाना गावातच असतील तर ही पुरेशी आहे.

शहापूरकर वहिनी

सर्वांचे मनापासून आभार. मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे गाडी उचलून तपासून घेतली. चाके अधांतरी असतानाही डावीकडे वळवताना अडखळत होते. डाव्या बाजूचे रॅकचे बूट फाटलेले आणि बॉल जॉइंट आवळलेला निघाला. दोन्ही बदलून अलाइनमेंट करून घेतली. पुढच्या टायरांत हवाही कमीच होती. आता चाक वळणानंतर स्वतःहून सरळ येते. सीट पुढे घेतल्याने खांद्यांनाही आराम आहे. क्लचचा सराव चालू आहे, गल्ली अजून दीरच पार करून देतात.

आणखी एक शंका आहे. पक्क्या परवान्याची परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर द्यावी की याच गाडीवर? पॉवर स्टिअरिंगच्या गाडीवर परीक्षा दिली तर ही गाडी चालवायला कायद्याने अडचण येईल का?

निपाणीकर

अडचण येणार नाही. परवान्यावर हलके मोटार वाहन एवढाच वर्ग असतो, स्टिअरिंगचा प्रकार त्यात येत नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर परीक्षा देता येते आणि तो परवाना ६ महिने चालतो. तेव्हा ताईंनी सांगितलेला सराव पुरा करण्यास आपल्याला वेळ आहे. आपली गाडी नेणार असाल तर विमा, पासिंग आणि प्रदूषण प्रमाणपत्र सोबत ठेवा, आणि पुढे-मागे दोन्हीकडे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा.

खानापूरची ताई

परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर द्यावी, असे मी म्हणेन. आठचा आकडा काढताना आणि रिव्हर्स घेताना मनावर आधीच दडपण असते, त्यात जड चाकाची भर कशाला? पण सराव मात्र रोज घरच्याच गाडीवर करा, आणि शनिवारी गणपत गल्लीकडे फिरकू नका. बाजाराच्या दिवशी तिथे स्टिअरिंग हलके असो वा जड, गाडी वळवायला जागाच नसते.