शिरोलीला रोज बाईकवर जाताना जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट सगळंच घालायचं का?

राजारामपुरीकर: कोल्हापुरात राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसीला रोज बाईकनं जातो. हेल्मेट असतंच. आता बायको म्हणते, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूटपण घाला. एप्रिलच्या उन्हात एवढ्याशा अंतराला हे खरंच लागतं का?

पन्हाळा_रायडर: गावात हेल्मेट बास. गगनबावड्याला निघालास तर सगळं.

ड्रेसिंगवाला: नाही पटलं, भावा. मी दवाखान्यात जखमा धुतो. पडताना माणूस आधी हात टेकतो. तळहातात रुतलेली खडी सलाइन मारून काढताना धिप्पाड गडीपण ओरडतात, आणि त्यातले कितीतरी घराजवळच घसरलेले असतात. म्हणून ग्लोव्ह्ज रोज. घोटा झाकणारा बूट रोज, चप्पल नकोच. उन्हाळ्याला जाळीचं जॅकेट घे, वारा आत येतो. खांद्याला, कोपराला आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, आहे का बघ; त्यावर सीई ही युरोपची सुरक्षेची खूण हवी. साधी जीन्स डांबरावर क्षणात फाटते. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेला. एकदा जोरात आपटलं की बदलायचं. आतला थर्माकोल दबला की परत फुगत नाही.

पन्हाळा_रायडर: ग्लोव्ह्जचं पटलं. पाठीचं आर्मरपण रोज?

ड्रेसिंगवाला: जॅकेटात बसत असेल तर काढू नको. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या मागच्या लाइटशिवाय अंधारात उभ्या असतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्याच रस्त्यानं यायचं असतं ना?

राजारामपुरीकर: हो, रात्रीच सुटतो. ग्लोव्ह्ज या शनिवारीच घेतो. जाळीचं जॅकेट अंगावर घालून बघायला कोल्हापुरात कुठं मिळेल?