पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम वर: सेंडर बदलू का?

जुनंइंजिन: कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आहे. टाकी अर्धी असली तरी पेट्रोलचा काटा हळूहळू फुलच्याही पुढे जातो, आणि थोडं चाललं की टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत. कूलंट पुरेसं आहे, रेडिएटर उकळत नाही. मेकॅनिक म्हणतो दोन्ही सेंडर (टाकीतली पातळी आणि इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारे भाग) बदला. त्यासाठी टाकी उतरवावी लागेल, म्हणून आधी इथे विचारतोय. मल्टीमीटरही घ्यायचाय, कोणता घेऊ?

तारयंत्र: टाकी उतरवू नका! दोन सेंडर एकाच वेळी, तेही एकाच दिशेने बिघडणं अवघड. दोघांत सामाईक काय, ते बघा. काटे 'हळूहळू' चढतात म्हणताय, म्हणजे आतली बायमेटल (दोन धातूंची) पट्टी तापून काटा हलवणारी मीटरं असणार. अशा मीटरांना बॅटरीचं बदलतं व्होल्टेज चालत नाही, म्हणून मध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ५. त्याचं अर्थिंग (बॉडीशी जोडणी) गेलं किंवा आतले चालू-बंद होणारे पॉइंट चिकटले की बॅटरीचे १२, इंजिन चालू असताना १४ व्होल्ट थेट मीटरांवर. मग दोन्ही काटे वर जाणारच.

एक तात्पुरती वायर स्टॅबिलायझरच्या पत्र्यावरून बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागी जोडा. बहुतेक वेळा क्लस्टरचा (डॅशवरच्या मीटरांच्या संचाचा) गंजलेला स्क्रूच गुन्हेगार निघतो.

मल्टीमीटर काट्याचा घ्या. जुना स्टॅबिलायझर सतत चालू-बंद होत असतो, डिजिटलवर नुसते आकडे नाचतात. ओहम मोजायला मात्र डिजिटलच बरा.

गॅरेजबाहेर: +१. फक्त क्लस्टर ओढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. डॅशवर अँमीटर (करंट दाखवणारं मीटर) असेल तर गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्या मागून जातो, तिथे पाना घसरला तर वायरिंग जळेल. स्टॅबिलायझरच गेलेला निघाला तर सरळ इलेक्ट्रॉनिक बसवा, तेवढ्याच व्होल्टचा. अस्सलपणाचा हट्ट इथे कशाला? बाहेरून कोणाला दिसतंय!

जुनंइंजिन: वायर जोडली. पेट्रोलचा काटा बरोबर अर्ध्यावर! टेंपरेचर मात्र थोडं खाली येऊन पुन्हा लाल पट्टीत.

तारयंत्र: म्हणजे दुखणी दोन होती. आता इंजिनावरच्या सेंडरची वायर काढून मोकळी ठेवा आणि किल्ली फिरवा. काटा थंडवर आला तर वायर ठीक. तरीही वर चढला तर वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला टेकतेय. वायर ठीक निघाली तर तापलेल्या इंजिनावर थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेच्या) घराचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. ९० अंशांच्या आसपास असेल आणि काटा लालमध्ये, तर सेंडर बदला. तापेल तसा त्याचा रोध कमी होतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा कमी रोधाचा बसवला असेल तरी काटा वरच दाखवतो. थर्मामीटरच ११०-१२० दाखवू लागला तर मीटर खरं बोलतंय, इंजिन बंद करा.

गॅरेजबाहेर: नवा सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं.

जुनंइंजिन: वायर काढल्यावर काटा पूर्ण खाली. थर्मामीटर मित्राकडून उद्या मिळतोय, आकडा टाकतो.