रब्बी ज्वारीला जिवाणू लावले तर ताणात फरक पडतो का?

मंगळवेढेकर
कोरडवाहू मालदांडी, भारी काळी जमीन, एकरी ४ किलो बियाणं. ओल पेरणीपुरती असते, पोटरीत (कणीस निसवण्याआधी) आली की पाण्याचा ताण बसतो. अ‍ॅझोटोबॅक्टर (नत्राचे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), मायकोरायझा (मुळावरची बुरशी) यातलं कामाचं काय? बियाण्याला चोळायच्या गंधकासोबत चालतं का?

काळीची_ओल
दादा, जिवाणू पाणी आणत नाहीत, हे आधी. ताण बसला की मुळात इथिलीन (वाढ रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि मूळ खाली जायचं थांबतं. काही जिवाणू इथिलीन ज्यापासून बनतं तो एसीसीच फोडून खातात. काही चिकट द्रव सोडतात, त्यामुळे मुळाभोवती मातीचं अस्तर बसतं आणि ओल जरा टिकते. म्हणून ते बियाण्यावरच हवेत. पीक सुकल्यावर आळवणी म्हणजे पैसे पाण्यात.

गंधक (३०० मेश) किलोला ४ ग्रॅम आधी चोळा, खोडमाशीचं औषध लावणार असाल तर तेही आधीच. जिवाणू सगळ्यात शेवटी: अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी, किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम. गूळ घालून उकळलेलं, पूर्ण गार झालेलं पाणी ४ किलोला शंभरेक मिली पुरे. जास्त झालं की बी चाड्यात चिकटतं आणि ओळीत नांग्या पडतात. सावलीत गोणपाटावर सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात पसरलं की जिवाणू मेले.

मूळघर
मायकोरायझाचं वेगळं आहे. ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते, रान फार काळ पडीक राहिलं की कमी होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत लांब पडीकीनंतर पिकं खुरटायची, त्याचं कारण हेच निघालं. मृगाचा पाऊस चांगला असेल तर खरिपात मूग घ्या, मायकोरायझाचा पुडा विकत घेण्यापेक्षा ते बरं. फक्त ऑगस्टअखेर रान मोकळं करा, नाहीतर ज्वारीची ओल मूगच पिऊन टाकेल. आणि स्फुरद भरमसाट टाकू नका, मग पीक त्या बुरशीला थारा देत नाही.

मंगळवेढेकर
उभ्या पिकात ताण बसला तर?

काळीची_ओल
कोळपणी, ३, ५ आणि ८ आठवड्यांनी. भेगा बुजवण्याइतकं दुसरं कशानेच साधत नाही. पानं गुंडाळायला लागताच पीपीएफएम (पानांवर राहणारे गुलाबी जिवाणू) लिटरला १० मिली फवारता येतं, तामिळनाडू कृषी विद्यापीठाची १ टक्क्याची शिफारस आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा, कीटकनाशकात मिसळू नका.

पेरणीच्या चार ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवा. चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची ताटं खोऱ्याने खणून काढा, हलकेच झटका आणि मुळाला किती माती धरून राहते ते बघा.