टायगरफिश गळाला लागून सुटतो, त्याबद्दल
एकांनी विचारलंय की टायगरफिश (आफ्रिकेतल्या नद्या-तलावांतला दातेरी शिकारी मासा) एवढे लागतात आणि मग निम्मेअधिक सुटतात कसे, रॉड हलका होता का. रॉडचा काही दोष नाही हो. त्याचं तोंड म्हणजे नुसतं हाड, गळ रुतायला मांसच नाही, त्यात लागल्या लागल्या गडी पाण्याबाहेर उडी मारून डोकं असं झटकतो की गळ सुटून आमिष आपल्याच अंगावर येतं. करिबाला (झांबेझी नदीवरचं धरणाचं मोठं तळं) पहिल्या दिवशी मला सहा लागले, बोटीत आला एक, जेमतेम दोन किलोचा! आणि पुढे स्टीलची वायर लावाच, नाहीतर दोरी कापलीच म्हणून समजा, तोंड मिटलं तरी दात बाहेर दिसतात त्याचे.

फोटोत फिरतो तो राक्षसी गोलायथ टायगरफिश काँगो नदीतला, जात वेगळी. झांबेझीतला लहान, रेकॉर्ड 16.1 किलोचं, करिबा, 2001.

जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात जा. पाणी उतरलं की मांगूर (हो, आपल्याकडे बंदी असलेला तोच) झुंडीने पपायरसच्या (लव्हाळ्यासारखं उंच पाणगवत) कडेला घुसून शेपट्या आपटत बारके मासे हुसकावतात, बाहेर टायगरफिश टपलेले, वर बगळे. आधी तो फटफट आवाज येतो, मग दिसतं.

बाकी टायगरफिश उडती माळभिंगरी (छोटा पक्षी) हवेत पकडतो ही थाप नाही, दक्षिण आफ्रिकेत एका धरणावर संशोधकांनी चित्रित केलंय.