दुपारच्या हादऱ्याची खरी माहिती कुठे पाहावी

वानखडे वहिनी (ए-२०३): सर्वांना नमस्कार. आज दुपारी आमच्या मांडणीवरची ताटे खणखणली आणि तेव्हापासून ‘आज रात्री याहून मोठा धक्का येणार’ असा संदेश फिरतो आहे. सासूबाई घाबरल्या असून खाली पार्किंगमध्ये झोपायचे म्हणतात. भूकंप खरोखर झाला का, हे कुठे कळेल?

बोरकर काका (सी-१०१): वहिनी, आजींना घरातच झोपू द्या. भूकंप अमुक वेळी येईल हे जगातील कोणतीही संस्था सांगू शकत नाही, त्यामुळे तो संदेश खोटाच आहे आणि कृपया कोणीही पुढे पाठवू नये. किल्लारी आठवणाऱ्या माणसाला रात्रीच्या नुसत्या उल्लेखानेही धडकी भरते. झालेल्या भूकंपाची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ‘भूकंप’ (BhooKamp) ॲपवर येते. तीत वेळ, केंद्रबिंदू, खोली आणि तीव्रता दिलेली असते. त्यातही केंद्रबिंदू आधी पाहावा, कारण ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७.२७ वाजता नागपुरात जाणवलेल्या ५.३ तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, येथून तीनशेहून अधिक किलोमीटरवर होते.

ढोबळे ताई (बी-४०२): काका, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नकाशावर आज काहीच दिसत नाही. मग काही झालेच नाही असे समजावे का?

बोरकर काका: नाही ताई. भारतातील दोन-तीन तीव्रतेचे धक्के त्या यादीत सहसा येत नाहीत. शिवाय तिथे जागतिक वेळ दिसत असेल, तर साडेपाच तास मिळवावे लागतात. मुलुगूचा भूकंप तिथे १.५७ चा दिसेल. तीव्रतेचा पहिला आकडा नंतर थोडा बदलला, तरी कोणी काही लपवले असे मानू नये, कारण अधिक भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासल्यावर तो सुधारला जातो. आपल्या जिल्ह्यात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत आणि सुरुंगाच्या स्फोटानेही तावदाने थरथरतात, म्हणून ताटे नेमकी किती वाजता खणखणली ते लिहून ठेवा आणि राष्ट्रीय केंद्राच्या यादीतील वेळेशी ताडून पाहा.

वानखडे वहिनी: दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. यादीत त्या वेळेची नोंद दिसत नाही. सासूबाईंनाही दाखवली.

बोरकर काका: उत्तम. तरीही तासाभराने एकदा पुन्हा पाहा. लहान धक्क्याची नोंद उशिराही चढू शकते.