परदेशात, ग्रुपने, ट्रेनने... मिशन ट्रिपच्या फजित्या सांगा

खिडकीवाली
काल दौंडला गाडीत बसलेले, समोरच्या डब्यातून एक मोठं कुटुंब उतरत होतं आणि आतून काका ओरडतायत "तू उतर गं, मी बॅगा देतो!" आणि गाडी हलली. काका बॅगांसकट गेले पुढे. लोक हसत होते, मला मात्र एकदम व्होई आठवलं.

२०१८, केनिया. आमच्या चर्चच्या मंडळीतून १३ जण मेडिकल कँपला गेलेलो, नगरचे ९ आणि मुंबईचे ४. औषधांच्या १८ पेट्या, प्रत्येकीवर मार्करने नंबर. नैरोबी ते व्होई नव्या रेल्वेने. आता नैरोबीचं हे स्टेशन गावाबाहेर लांब, आणि आत शिरायच्या आधी सगळं सामान जमिनीवर ओळीत मांडायचं, आपण बाजूला उभं राहायचं, मग कुत्रा येऊन हुंगणार. कुत्रा सतरा पेट्यांवरून शहाण्यासारखा गेला आणि अकरा नंबरपाशी बसला तो बसलाच. पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक. उघडली तर ओआरएसच्या पाकिटांवर मुंबईच्या मावशींचं सुकट, तीन पुड्यांत. "परदेशात जेवणाचे हाल होतात" म्हणे. तिथल्या बाईंना सुकट म्हणजे काय हे समजावताना आमच्या डॉक्टरांनी हाताने कोळंबी करून दाखवली.

ते सुटलं. पुढे साव्होचं जंगल आलं, लाल माती, आणि हत्ती पण लालच, त्या मातीत लोळून. सगळे खिडकीला. व्होई येतंय म्हणून आम्ही सवयीने आधीच उठून दारात गर्दी केली, तर युनिफॉर्ममधल्या मुलीने गोड बोलून सगळ्यांना परत बसवलं. बसलो. गाडी थांबली. आम्ही ८ उतरलो, १२ पेट्या उतरल्या, दार बंद. पाळकसाहेब, मावशी, अजून तिघं आणि सहा पेट्या काचेतून आमच्याकडे बघत निघून गेल्या. पाळकसाहेब हात जोडून काहीतरी म्हणत होते, प्रार्थना की शिव्या ते अजून कळलेलं नाही.

पुढचं स्टेशन मियासेनी. चकचकीत इमारत, आजूबाजूला नुसतं रान. तिथून त्यांना आणायला गाडी मिळेपर्यंत अंधार पडला.

तुमचेही लिहा.

मिरजकर
😂😂 हाताने कोळंबी. आमच्या डॉक्टरांनी पण केली असती.

पाणपोई
ताई केनियाला जायला पिवळ्या तापाची लस लागते ना? भाची डिसेंबरमध्ये चाललीये, कुठे मिळते, कोणी सांगेल का प्लीज

सुकेळी
क्राकोव, २०१६, जागतिक युवा दिन. आम्ही वसईचे २२ जण. शेवटच्या दिवशी पोपसाहेबांचं मिसा (प्रार्थनाविधी) गावाबाहेरच्या मैदानात होतं, लाखो माणसं, परतताना स्टेशनवर मुंगीला जागा नाही. विरार लोकलवाल्यांना गर्दीचं काय असं म्हणत आम्ही आरामात. फादरनी नियम केलेला, काही झालं तरी तिरंग्याच्या मागे चालायचं, बस. मी, माझी चुलत बहीण आणि आणखी एक मुलगा इमानदारीत तिरंग्याच्या मागे चालत राहिलो, प्लॅटफॉर्मवर गेलो, गाडीत चढलो, पुढची मंडळी फ्रेंच बोलतायत तरी म्हटलं असतील पाँडिचेरीचे. तीन स्टेशनं गेल्यावर बहिणीने झेंडा नीट पाहिला. मधे चक्र नाही, नारंगी गोळा!! नायजर देशाचा झेंडा. त्यांनी खूप प्रेमाने बिस्किटं दिली. फादरना फोन केला तर म्हणाले "मी पण त्यांच्याच मागे होतो, मागच्या डब्यात आहे."

खिडकीवाली
@सुकेळी पाँडिचेरी!!! मेले मी

इतिहासप्रेमी_आण्णा
व्होईजवळून जी जुनी लाइन जायची ती आपल्याच लोकांनी बांधली हे तरुण पिढीला ठाऊक नसतं. १८९६ ला मोंबासाकडून काम सुरू, हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबकडचे. १८९८ ला साव्हो नदीच्या पुलाशी दोन सिंहांनी कित्येकांना मारलं. ते सिंह पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये आहेत, मी मुलाकडे गेलो तेव्हा पाहिले. आयाळ नाही त्यांना. लहान वाटतात.

मिरजकर
आण्णा, धागा फजितीचा आहे 🙏

इतिहासप्रेमी_आण्णा
मजुरांची याहून मोठी फजिती कुठली?

खिडकीवाली
आण्णांचं बरोबर आहे. परत येताना आम्ही बसने आलो (पाळकसाहेबांनी ट्रेनचं नावच काढू दिलं नाही), तेव्हा मकिंडूच्या गुरुद्वारात जेवलो, त्याच रेल्वेच्या लोकांचा तो. दाल, पोळी, खीर. मावशींच्या डोळ्यात पाणी.

सिस्टरांची_भाची
इटली. सिसिली बेटावर निर्वासितांसाठी स्वयंसेवक म्हणून गेलेलो, सात जणी. रोमहून रात्रीची गाडी. पहाटे ती अख्खी गाडी बोटीत चढवतात, खरंच, डबे सुटे करून बोटीच्या पोटात रुळांवर ओढून घेतात, शेजारी शेजारी दोन-तीन ओळी. आम्ही वर डेकवर कॉफी प्यायला. सूर्योदय वगैरे. खाली आलो तर सगळे डबे एकसारखे, नंबर कोणी पाहिलेला?? घाईत चढलो आणि सीटवर कुणीतरी आजोबा झोपलेले, आमची सिस्टर मराठीत त्यांना "उठा, ही आमची जागा". मेसिनाला गाडीचे दोन भाग होतात, एक पालेर्मोला, एक सिराकुझाला, आणि आम्ही पालेर्मोच्या भागात. बॅगा सिराकुझाला निघालेल्या. आजोबांनीच हाताला धरून उतरवलं नाहीतर...

पाणपोई
कॉफी महाग असते का बोटीवर

कुलाबा_ते_कँडी
माझं हसण्यासारखं नाही, तरी लिहितो. २००५, त्सुनामीनंतरच्या मदतीला श्रीलंकेत होतो. किनाऱ्याची लाइन पुन्हा सुरू झालेली, कोलंबो ते गॉल. आमचा तरुण संघ, टाळ्या, गाणी, पेटी पण होती बरोबर. एका ठिकाणी डब्यातले लोक एकेक करून उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं स्टेशन आलं, आम्ही पण बॅगा उचलल्या आणि दाराकडे ढकलाढकली. शेजारच्या माणसाने नुसता हात खाली केला. पेरालिया होतं ते. २६ डिसेंबरला तिथेच लाटेने अख्खी गाडी उचलली होती, हजाराहून जास्त माणसं. बॅगा हातात घेऊन तसेच उभे होतो. गॉलपर्यंत पेटी उघडली नाही.

मिरजकर
.

सुकेळी
🙏

दोन_पोरांची_आई
भाजी फोडणीला टाकून वाचत होते, लागली खाली. दादा लिहिलंत ते बरं केलंत.
@पाणपोई लस फक्त ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते, आणि जायच्या निदान १० दिवस आधी घ्या नाहीतर सर्टिफिकेट चालत नाही. परत भारतात शिरताना बघतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. सर्टिफिकेट पासपोर्टसोबत ठेवायला सांगा, मोठ्या बॅगेत नको, वरचे सगळे अनुभव वाचलेच असतील 😀

मिरजकर
@खिडकीवाली एक राहिलं. अकरा नंबरची पेटी कोणत्या बाजूला होती?

खिडकीवाली
कोणत्याच नाही. मियासेनीला घाईत उतरवायची राहिली, एकटीच मोंबासाला गेली. चौथ्या दिवशी कुणाकडून तरी आली. ओआरएसची पाकिटं मोजली, एकही कमी नाही. सुकट गायब.

पाणपोई
थँक्यू ताई. सुकट न्यायला परवानगी आहे का पण?